ब्रासचा चारशेवा भाग

मराठी माणसाला माशांबद्दल ठाम मतं असतात, पण ती ताटातल्या माशांबद्दल. सुरमईची तुकडी किती जाड असावी, बांगड्याच्या आमटीत तिरफळं किती पडावीत, यावर सख्खे भाऊ चार दिवस अबोला धरतात. काचेच्या पेटीत पोहणारा मासा दाखवला, की हीच माणसं "छान आहे हं" एवढंच म्हणून चहाकडे वळतात.

वाळूचं तसं नसतं. आयुष्यात एकदा तरी बाथरूमच्या फरश्या बदललेला प्रत्येक गृहस्थ वाळूतला अधिकारी पुरुष असतो. ती कुठल्या नदीची, माती किती, धुतलेली की तशीच उपसलेली, ट्रकवाल्याने पाणी मारून माप किती फुगवलंय, हे तो नुसती मुठीत घेऊन सांगतो. त्यामुळे घरात माशांचा टँक येणार ही बातमी सोसायटीत कुणालाच महत्त्वाची वाटली नाही. त्यात वाळू लागणार आहे, हे कळल्यावर बेल वाजायला लागली.

कन्येला खरं तर कुत्रा हवा होता. लिफ्ट, बायकोची ॲलर्जी आणि माझी सकाळची झोप या तीन मुद्द्यांवर बोलणी फिसकटली आणि तह माशांवर झाला. दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, तळाशी राहणारे सहा मासे, बाकी नंतर बघू. मला वाटलं विषय मिटला. तेवढ्यात कन्या म्हणाली, "बाबा, आधी सँड ठरवायला लागेल." घराचं दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले कार्यकारी अभियंता राहतात. त्यांच्याकडचा टीव्ही बंद झाला.

साहेब चप्पल घालूनच आले. "किती ब्रास?" त्यांनी विचारलं.

ज्यांनी अजून घर बांधलं नाही अशा सुखी वाचकांसाठी सांगतो, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन फूट लांब, एक फूट रुंद टँकमध्ये दीड इंचाचा थर द्यायचा, तर वाळू लागते पाव घनफूट. साहेबांनी खिशातून पेन काढून आमच्या वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला आणि अत्यंत गंभीर आवाजात जाहीर केलं, "ब्रासचा चारशेवा भाग." सरकारी नोकरीत एवढ्या छोट्या कामाचं एस्टिमेट त्यांनी कधीच केलं नसावं. तरी त्यांनी ते केलं. पाव घनफूट म्हणजे सात लिटर, ओली-सुकी धरून साडेअकरा ते बारा किलो. पाणी पन्नासेक लिटर. काच धरून एकूण ऐंशीच्या घरात. मग त्यांनी आमच्या टीव्हीखालच्या कपाटाकडे पाहिलं, त्याच्या पायावर हलकेच बूट मारावा तशी चप्पल मारली आणि म्हणाले, "हे डेड लोड घेणार नाही." कपाट माझ्या सासऱ्यांनी दिलं होतं. ही स्वयंपाकघरातून बाहेर आली.

दुकानाची गोष्ट वेगळी. माशांच्या दुकानात वाळू हा शेवटचा विषय असतो. शिरल्या शिरल्या तुमच्या अंगावर येतात ते रंगीत खडे. निळे, गुलाबी, पोपटी, आणि एका बरणीत तर अंधारात चमकणारे. त्यांच्या मागे हवेच्या बुडबुड्यांनी उघड-मीट होणारी खजिन्याची पेटी, सुकाणू धरून बसलेला सांगाडा, रोमन खांब, आणि का कोण जाणे, एक चिनी पूल. या सगळ्यांत मासा कुठे राहणार, असं विचारलं तर दुकानदार म्हणतो, "मासा ॲडजस्ट करतो."

कन्येने वाळू मागितली. दुकानदाराने एक किलोची पुडी काउंटरवर ठेवली. सत्तर रुपये. मी मनातल्या मनात साहेबांच्या पद्धतीने हिशेब केला. एक ब्रास वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते. महाराष्ट्र सरकारने 2023 साली डेपोतून ती 600 रुपये ब्रास दराने द्यायचं ठरवलं होतं (त्या भावाने वाळू मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे, पण कागदावर भाव तोच होता). दुकानातल्या पुडीच्या भावाने तोच ब्रास तीन लाखांच्या वर जातो. वाळूमाफिया रात्री-बेरात्री नदीत बोटी का घालतात, हायवा घेऊन तहसीलदाराला हुलकावण्या का देतात, हे मला कधी कळलं नव्हतं, आणि त्या काउंटरपाशी तर अजिबातच कळेना. हाच माल किलो-किलोच्या पुड्यांत भरून, वर रंगीत माशाचं चित्र चिकटवून विकला असता, तर सगळं राजरोस झालं असतं.

"आणि सकर टाका एक," दुकानदार म्हणाला, "खालचं सगळं साफ करतो." हा सकर नावाचा मासा प्रत्येक दुकानदार प्रत्येक नवख्याला देतो. बोटभर असताना घेतलेला हा सफाई कामगार पुढे फूटभराच्या वर वाढतो आणि सफाईपेक्षा घाणच जास्त करतो, हे सांगायचं काम दुकानदाराचं नसतं. कन्या म्हणाली, "नको. आम्हाला कोरी हव्यात." दुकानदाराने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. या घरात निर्णय कोण घेतं हे त्याला समजलं असावं. पुढे तो माझ्याशी बोलला ते फक्त पैशांचं.

आता वाळूच का, हे मला कन्येने टेबलावर समजावलं. कोरी म्हणजे कोरिडोरस, दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा. त्याचं सगळं आयुष्य तळाशी. तोंडाभोवती बारीक मिशा, त्यांनी तो तळ चाचपत हिंडतो. खाद्याचा वास लागला, की मुस्कट सरळ वाळूत खुपसतो, तोंडभर वाळू घेतो, आतल्या आत तिच्यातलं खाण्याजोगं वेगळं करतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून दोन्ही बाजूंनी बाहेर सोडतो. हे मी पुढे जवळून पाहिलं. टँकसमोर जमिनीवर पालथं पडून, नाक काचेला लावून बघावं लागतं. गालांशेजारून वाळूच्या दोन बारीक धारा सुटतात, मासा जराही न थांबता अर्धा इंच पुढे सरकतो, परत खुपसतो. चेहऱ्यावर कुठलाही भाव नाही. आमच्या आईने पाहिलं आणि म्हणाली, "तांदूळ निवडतोय गं बाई." आईने आजवर कुणाच्याही तांदूळ निवडण्याचं कौतुक केलेलं नाही, म्हणून हे नोंदवून ठेवतो.

जाड खड्यांत या माशाला हे करता येत नाही. खडा तोंडात मावत नाही, आणि खड्यांच्या फटीत पडलेलं खाद्य तिथेच कुजतं. धारदार कडा आणि कुजका तळ, दोन्ही मिळून मिशा झिजवतात. गप्पीला मात्र याच्याशी काही देणंघेणं नाही. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून महापालिका हौदात, डबक्यात, कारंज्यात सोडते तोच हा मासा. तो वरच्या पाण्यात राहतो, खाली काय अंथरलंय हे तो बघतही नाही. सहा गप्पी घेतल्या असत्या, तर निळे खडे चालले असते, सांगाडा चालला असता आणि हा लेखही लिहावा लागला नसता.

तर दुकानातली पुडी घेतली नाही. बारा पुड्यांचे आठशे चाळीस रुपये होतात हे कळल्यावर हिने "वाळूचे?" एवढा एकच शब्द उच्चारला आणि पर्यायांचा शोध सुरू झाला. हा शब्द सोसायटीच्या ग्रूपवर कुणी टाकला ते मला ठाऊक नाही.

पहिला नमुना बी विंगच्या नूतनीकरणाच्या ढिगातून आला. एका सद्गृहस्थाने तो प्लास्टिकच्या पिशवीत, रात्री दहानंतर, आवाज न करता आणून दिला. ती क्रश सँड होती. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, क्रशरमध्ये फोडून केलेली. काँक्रीटला ती चालते, कारण कण कोनेदार असतात आणि एकमेकांत घट्ट अडकतात. साहेबांनी चिमूटभर घेऊन अंगठ्याने चोळली. "उत्तम माल," म्हणाले. "स्लॅबला." कन्येने तोच अंगठा तिरका करून दाखवला. पांढरी रेघ उमटली होती. ज्या कडांनी अभियंत्याचा अंगठा खरवडला, त्यांच्यावरून कोरीला दिवसभर मिशा फिरवायच्या होत्या. पिशवी रात्री दहानंतर परत गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःची हत्यारं घेऊन आले. त्यांच्याकडे घरी चाळण्यांचा संच आहे, हे त्यांच्या पत्नीलाही माहीत नव्हतं. पितळी कड्यांच्या, एकात एक बसणाऱ्या, आणि सगळ्यात बारीक चाळणीची जाळी उन्हात धरली तरी दिसत नाही. त्यांनी आमच्या डायनिंग टेबलावर मांडामांड केली आणि तासभर व्याख्यान दिलं. भारतीय मानक 383. वाळूचे चार झोन. 600 मायक्रॉनच्या चाळणीतून किती टक्के खाली पडते, त्यावर झोन ठरतो. 35 ते 59 टक्के पडली तर झोन दोन, काँक्रीटचा राजा. 80 टक्क्यांच्या वर पडली तर झोन चार, अतिबारीक, "माझ्या साइटवर असती तर ट्रक परत पाठवला असता."

कन्या वहीत लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "काका, पण मला सगळे कण साधारण एकाच मापाचे हवेत. अर्धा ते एक मिलिमीटर."

साहेबांचा हात चाळणीवरच थांबला. ज्या माणसाने छत्तीस वर्षं लहान-मोठे कण मिसळून पोकळ्या भरायला शिकवलं, त्याला कुणीतरी पोकळ्या हव्यात म्हणत होतं. "एकाच मापाचे? मग पाणी आरपार जाईल."

"तेच तर हवंय," कन्या म्हणाली. मापं मिसळली, की बारीक कण जाड कणांच्या मधल्या जागा भरतात, थर घट्ट बसतो, पाणी आत शिरत नाही. पाणी नाही म्हणजे ऑक्सिजन नाही, आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू तिथे बस्तान बसवतात. मग कधी काडीने ढोसलं की खालून बुडबुडा येतो आणि घरभर नासक्या अंड्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड. थर जाड असला, की ही भीती वाढते. म्हणून दीड इंच पुरे. पिठासारखी बारीक नको आणि खडाही नको.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे फिल्टर मीडियाचं स्पेसिफिकेशन आहे. जलशुद्धीकरण केंद्रातलं. आधी सांगायचं ना." आणि चाळण्या आवरताना ते प्रसन्न दिसले. प्रश्न चुकीच्या खात्यात आला होता, एवढंच. फाइल पाणीपुरवठा विभागाकडे वर्ग केल्यावर त्यांच्या मनावरचा भार उतरला.

मधल्या काळात हिचे मामा गुहागरहून आले. मामांनी येताना काही आणलं नाही असं कधी होत नाही. या वेळी आंब्यांच्या पेटीबरोबर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात बांधलेली वाळू होती. "आमच्या किनाऱ्याची. शहरात मिळायची नाही. अनवाणी चाला, कळणारसुद्धा नाही वाळूवर चालताय ते." पोतं उचलायला दोन माणसं लागली. एस.टी.च्या वाहकाने त्याचं तिकीट काढलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

वाळू खरंच देखणी होती. कन्येने एका काचेच्या बशीत चमचाभर घेतली आणि चायनीजसाठी आणलेल्या व्हिनेगरचे काही थेंब वर सोडले. बारीक फेस आला. कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती. मामा खूश झाले. "बघा, जिवंत आहे!" त्या वाळूत शिंपल्यांचा चुरा होता. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर आम्ल पडलं की कर्बवायू सुटतो. टँकच्या पाण्यात हेच संथपणे होत राहतं, शिंपला विरघळत जातो आणि पाणी जड होतं. शिवाय मीठ. धरणाच्या मवाळ पाण्यावर आणि त्याहून मवाळ पाण्यातल्या कोरींवर हा प्रयोग करण्यात अर्थ नव्हता. "मग असं पाणी कुणाला चालतं?" मामांनी विचारलं. "आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या माशांना," कन्या म्हणाली. मामांना ते पटलं. गुहागरची वाळू स्थानिक माशांना झेपत नाही, तिला आंतरराष्ट्रीय मासाच लागतो, असं ते परत गेल्यावर गावात सांगत असल्याचं कानावर आहे.

कोल्हापूरच्या मामेभावाला फोन गेला तो हिच्यामुळे. त्याची शिरोलीला फाउंड्री आहे. "वाळू विकत घेतोयस? लाज काढतोस काय आमची?" तो ओरडला. "कुठली पाहिजे बोल. पांढरी? काळी?" कन्येने मागून खूण केली, काळी. काळ्या वाळूवर माशाचा रंग खुलतो. पांढऱ्याफेक वाळूवर मासे स्वतःच फिके पडतात, तळाच्या रंगाशी मिळतंजुळतं घ्यायची त्यांना सवय असते. "काळी तर फुकट!" मामेभाऊ म्हणाला. "ढीग पडलाय इथं." तो ढीग साच्यांतून वापरून काढलेल्या वाळूचा होता. तिच्यात बेंटोनाइट आणि कोळशाची पूड मिसळलेली असते, आणि वितळलेल्या लोखंडाचा पाहुणचार घेऊन ती काळी झालेली असते. तिच्यात मासा सोडायचा म्हणजे फारच झालं. मग कोरी? म्हणजे कोरी वाळू, मासा नव्हे, असा खुलासा करता करता दहा मिनिटं गेली. पण त्या गोंधळातून हाती लागलं ते नेमकं: सिंधुदुर्गात कणकवली तालुक्यातल्या कासार्ड्याची सिलिका वाळू. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना ही ओळखीची. क्वार्ट्झचे कण, पाण्यात न विरघळणारे, व्हिनेगर ओतलं तरी ढिम्म. तीच वाळू धुऊन, मापाप्रमाणे चाळून पोत्यात भरली, की पाण्याच्या फिल्टरवाले विकतात. जलतरण तलावाच्या टाकीत जी भरतात ती.

साहेबांनी एका फिल्टरवाल्याकडे फोन लावला, "मी अमुक, सेवानिवृत्त," अशी सुरुवात करून. पन्नास किलोचं पोतं, आणि दर ऐकून ही पुन्हा "वाळूचे?" म्हणाली, पण या वेळी स्वर वेगळा होता. अडचण एकच होती. कमी देत नाहीत, आख्खं पोतंच घ्यायचं.

रंगाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटला. वाळू फिकट बदामी निघाली. आईने तेवढ्यात टँक ईशान्येला ठेवायची सूचना मांडून पाहिली. ईशान्येला फ्रिज आहे. विषय तिथेच थांबला.

आता धुणं. पोत्यावर 'वॉश्ड' असं छापलेलं असतं, ते कुणाच्या मानाने धुतलेलं हे लिहिलेलं नसतं. बादलीत तीन-चार किलो वाळू, वर पाइपचं पाणी जोरात, हाताने ढवळायचं आणि गढूळ पाणी ओतून द्यायचं. पहिलं पाणी पिठल्याच्या रंगाचं येतं. दुसरंही. पाचव्यापर्यंत माणूस चिकाटी धरतो. त्यानंतर तो पाण्याकडे बघून हे आधीच्यापेक्षा स्वच्छ आहे अशी स्वतःची समजूत घालायला लागतो. कन्येचा निकष कडक होता, बादलीच्या तळाशी वाळूचा कण न् कण वेगळा दिसला पाहिजे. मोरीच्या जाळीत वाळू जाऊ नये म्हणून हिने तिच्यावर जुनी ओढणी बांधली. कामाला येणाऱ्या मावशींनी दारातून पाहिलं. त्यांचं निम्मं आयुष्य भांड्यांना लागलेली रेती-राख काढण्यात गेलेलं. "वाळू धुताय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "कशानं?" मी पाण्याने म्हटलं. त्या काही न बोलता आत गेल्या. नंतर त्यांनी हिला विचारलं म्हणे, तुमच्या साहेबांची तब्येत बरी आहे ना.

साबण मात्र लावायचा नाही. मावशींना ते सांगावं लागलं, कारण दुसऱ्या दिवशी त्या स्वतःहून मदतीला आल्या होत्या आणि हातात डिटर्जंटचा मग होता.

टँक भरणं त्यामानाने शांतपणे पार पडलं. वाळू अंथरायची, वर चिनीमातीची बशी ठेवायची आणि पाणी त्या बशीवर सोडायचं, म्हणजे थर उधळत नाही. फिल्टरचं तोंड तळापासून चार बोटं वर, नाहीतर वाळू आत शिरून त्याचं चक्र घरघरायला लागतं. काच पुसायच्या चुंबकात एखादा कण अडकला तर काचेवर कायमचा ओरखडा. क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतं, या भांडणात काच हरणार हे ठरलेलं.

आणि त्यानंतर आमच्या घरात बरेच आठवडे चाललेला एक विचित्र प्रकार सुरू झाला. टँक लागला, दिवा लागला, पाणी फिरू लागलं, आणि आत मासा नव्हता. नुसती वाळू. याला कारण आहे. मासा जी घाण टाकतो तिच्यातून अमोनिया होतो, तो विषारी. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यापेक्षा सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजवर, जिथे बूड टेकायला मिळेल तिथे वस्ती करतात. ही वस्ती उभी राहायला काही आठवडे लागतात. तोवर कन्या माशांशिवायच्या टँकला रोज चिमूटभर खाद्य घालत होती, ते सडून अमोनिया व्हावा म्हणून, आणि परीक्षानळीत रंग बघून वहीत आकडे लिहीत होती.

पाहुणे यायचे. टँकसमोर वाकायचे. "मासे कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग हे काय आहे?"

"वाळू."

यावर ते खुर्चीत बसून बराच वेळ आमच्याकडे बघायचे. एका मावससासूबाईंनी तर हिला बाजूला घेऊन, घरात सगळं ठीक आहे ना, पैशांचं काही नाही ना, असं विचारलं. साहेब मात्र रोज संध्याकाळी यायचे आणि मोजपट्टी काचेला लावून थराची उंची घ्यायचे. सेटलमेंट बघत होते. पहिल्या आठवड्यात दोन मिलिमीटर बसला. "अपेक्षित आहे," म्हणाले. आमच्या रिकाम्या टँकचं एवढं निरीक्षण मी तर सोडाच, कन्येनेही केलं नाही.

शेवटी कोरी आल्या. पिशवीतून सुटल्यावर सगळ्या कोपऱ्यात एका ओळीत बसल्या, थोड्या वेळाने एकीने वाळूत तोंड घातलं, मग सगळ्यांनी. मग कन्येने हट्टाने कूली लोच आणले. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे, गांडुळाएवढे, आग्नेय आशियातले. टँकमध्ये सोडल्याबरोबर त्यांनी वाळू पसंत केली आणि तिच्यात शिरले. दिवसा ते आम्हाला दिसलेले नाहीत. पैसे दिले होते हे नक्की.

उरलं पोतं. पन्नासातले बारा गेले, अडतीस राहिले. ते बाल्कनीत उभं आहे. वाळू कुठली घ्यावी यावर बोलायला अख्खी सोसायटी आली होती, वाळू घेऊन जायला कुणी आलं नाही. थोडी तुळशीच्या कुंडीत गेली, थोडी दोन मांजरांच्या मालकिणीने नेली. आईने लोखंडी कढईत तापवून तिच्यात शेंगदाणे भाजून पाहिले. चांगले भाजले गेले, पण चाळूनही एखादा कण दाताखाली आलाच. भाद्रपद लागल्यावर बायका हरतालिकेच्या पिंडीसाठी वाळू न्यायला येतील असं वाटलं होतं, तशा त्या आल्याही. आणि तासाभरात परत आल्या. पिंड उभी राहीना, ढासळून पसरट होत होती. साहेब तेव्हा मोजपट्टी घेऊन आमच्याकडेच होते. त्यांनी दारातच खुलासा केला, "होणारच. सगळे कण गोल आणि एका मापाचे, सिल्ट शून्य, बाइंडिंग येणार कुठून? त्यात जरा क्रश सँड मिसळा." बी विंगची ती पिशवी अशा रीतीने पुन्हा एकदा जिना चढून आली, या वेळी दिवसाढवळ्या. पिंडी उत्तम झाल्या.

गणपतीत माझे साडू आले. ते तलाठी आहेत, म्हणजे 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी, पण घरात सगळे अजून भाऊसाहेबच म्हणतात. त्यांनी मोदक घेतला, टँक बघितला, "छान आहे हं," म्हणाले आणि चहा घेऊन बाल्कनीत गेले. तिथून त्यांचा आवाज आला.

"हे पोतं कुणाचं?"

मी म्हटलं, आमचंच. कोपऱ्यातलं दुसरंही आमचंच, ते गुहागरचं.

"गुहागरचं म्हणजे किनाऱ्यावरचं?" कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. "पावती?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मोजपट्टी खिशात घातली आणि कधी नव्हे ते आरतीला टाळ वाजवायला जाऊन बसले.